हुलग्याचा अर्क, मुतखड्याचे स्फटिक आणि पिशवीबाहेरचे पाणी : एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

साताऱ्यातील एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प पूर्ण करावा लागतो. त्यासाठी बहुतेक विद्यार्थी विषय मार्गदर्शकाकडून मागून घेतात. या प्रकरणातील विद्यार्थिनीने मात्र विषय घरून आणला होता. ती माण तालुक्यातली. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू पट्ट्यात हलक्या रानातही हुलगा येतो, थंडीच्या दिवसांत घरोघरी त्याचे माडगे होते, आणि ज्याला मुतखड्याचा त्रास आहे त्याला “हुलग्याचं पाणी पी” हा सल्ला डॉक्टरच्या आधी शेजारी देतात. या सल्ल्यात रसायनशास्त्राच्या दृष्टीने किती तथ्य आहे हे तिला तपासायचे होते, आणि तिचे गृहीतक तिने पहिल्याच दिवशी वहीत लिहून आणले होते : हुलग्यातील प्रथिने कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची वाढ थांबवतात.

हे गृहीतक हवेतले नव्हते. मुतखड्यांपैकी सुमारे ८० टक्के खडे कॅल्शियमचे असतात आणि त्यांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सर्वाधिक. निरोगी माणसाची लघवीसुद्धा अनेकदा या क्षाराने अतिसंतृप्त असते, म्हणजे पाण्यात विरघळून राहावा त्याहून अधिक क्षार तिच्यात असतो, आणि तरीही बहुतेकांना खडा होत नाही. याचे श्रेय काही अंशी सायट्रेट आणि मॅग्नेशियम यांसारख्या लहान घटकांना जाते आणि काही अंशी मूत्रपिंड स्वतः तयार करीत असलेल्या प्रथिनांना. त्यांपैकी टॅम आणि हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये वर्णन केलेले, आता युरोमोड्युलिन या नावाने ओळखले जाणारे प्रथिन लघवीत सर्वांत विपुल असते. दुसरे ऑस्टिओपॉन्टिन, जे हाडांतही आढळते आणि ज्याच्या साखळीत ॲस्पार्टिक आम्लाची आणि फॉस्फेट गटांची रेलचेल असते.

अशी प्रथिने नेमके काय करतात ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी गुंतागुंत त्यातूनच निर्माण झाली. स्फटिकाचा पृष्ठभाग सपाट दिसला तरी त्यावर एका रेणूच्या उंचीच्या पायऱ्या असतात, नवे आयन या पायऱ्यांच्या कडेला येऊन बसतात आणि पायरी पुढे सरकत जाते. ऋणभारित गट असलेले प्रथिन पृष्ठभागावरच्या कॅल्शियमला चिकटले की वाहत्या पाटात मध्येच दगड ठेवावा तशी पायरी तिथे अडते. दोन अडथळ्यांमधून वाट काढताना ती वाकते, आणि अडथळे फार जवळजवळ असतील तर थांबते. अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली हे प्रत्यक्ष पाहता येते. कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटवर (या क्षाराच्या एका रूपावर) सायट्रेट स्फटिकाच्या एका फलकावरच्या, म्हणजे सपाट बाजूवरच्या, पायऱ्या अडवते आणि ऑस्टिओपॉन्टिन दुसऱ्या फलकावरच्या, हे २००४ मध्ये दाखवले गेले. दोघेही अडवतात, पण जागा वेगळी. शिवाय तेच प्रथिन द्रावणात मोकळे फिरत असताना वाढ रोखते, आणि काचेवर किंवा पेशीवर बसले की कॅल्शियम गोळा करून नवे स्फटिक जन्माला घालण्यास मदतही करू शकते. “प्रथिन स्फटिक थांबवते” हे वाक्य म्हणूनच अपुरे असते. स्फटिकाचा जन्म, वाढ, आकार आणि एकमेकांना चिकटणे या चार वेगळ्या घटना आहेत.

पहिल्या सत्रात काय झाले

पद्धत साधी आणि प्रचलित होती. हुलग्याचे पीठ रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून अर्क घ्यायचा. ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारे रसायन) आणि मीठ असलेल्या, पीएच ६.५ च्या द्रावणात ३७ अंश सेल्सियसला कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम ऑक्झलेट मिसळायचे, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६२० नॅनोमीटरला गढूळपणा किती वाढतो ते अर्धा तास नोंदवायचे. अर्काविना गढूळपणा झपाट्याने चढला. अर्कासह तो हळू चढला आणि नंतर चक्क उतरू लागला. रंगाच्या गडदपणावरून प्रथिन मोजणाऱ्या लॉरी पद्धतीने अर्कातील प्रथिन मोजले, तेही भरपूर निघाले. दिवाळीपूर्वीच्या आढावा बैठकीत तिने हा आलेख मांडला तेव्हा विभागातील सगळ्यांनी तिचे कौतुक केले. त्यात मीही होते.

अडचण कुठे उभी राहिली

तीन गोष्टी एकाच पंधरवड्यात घडल्या.

पहिली प्रयोगशाळेत. क्युव्हेट (स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये द्रावण ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) धुताना तिला तळाशी पांढरा थर दिसला. गढूळपणा उतरत होता तो स्फटिक विरघळल्याने किंवा न बनल्याने नव्हे. ते एकमेकांना चिकटून जड होत होते आणि प्रकाशाच्या वाटेतून खाली बसत होते. गुच्छ होणे ही मुतखड्याच्या दृष्टीने वाईट गोष्ट, आणि आमच्या आलेखात तीच चांगली दिसत होती. हुलग्यात पॉलिफेनॉल, म्हणजे अनेक फिनॉल गट असलेले रेणू, भरपूर असतात आणि लॉरी पद्धत फिनॉललाही रंग देते, हे त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले. म्हणजे प्रथिनाचा आकडाही फुगलेला होता.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. विद्यापीठस्तरीय संशोधन स्पर्धेसाठी नोंदणीची मुदत जवळ आली होती. विभागाची अपेक्षा होती की हा प्रकल्प जावा, कारण विषय लोकांना चटकन समजणारा आणि आपल्या मातीतला होता.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. तिचे मामा आटपाडी भागात राहतात. त्यांच्या मूत्रवाहिनीत खडा अडकला होता, सोनोग्राफीत मूत्रपिंडाला सूज दिसत होती आणि मूत्ररोगतज्ज्ञाने दुर्बिणीतून खडा काढण्यासाठी तारीख दिली होती. भाचीच्या प्रयोगाची बातमी घरी पोहोचल्यावर त्यांनी ती तारीख पुढे ढकलायचे ठरवले आणि रोज दोन वेळा हुलग्याचे पाणी सुरू केले. ती माझ्या खोलीत आली तेव्हा रडत होती. प्रयोगशाळेतल्या एका अर्धवट आलेखाचे वजन घरात किती होते, हे मला तोवर समजले नव्हते.

समोरचे पर्याय

मामांच्या बाबतीत पर्याय तोलण्याचा प्रश्न नव्हता. त्याच दिवशी मी तिच्यासमोर त्यांना फोन केला. परीक्षानळीत नव्याने बनणाऱ्या स्फटिकांवर अर्क ओतणे आणि आधीच बनलेला, नळीत अडकलेला खडा हलवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, अडलेल्या लघवीमुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि तारीख पाळावी, एवढेच सांगितले. त्यांनी ऐकले. पोरीच्या मॅडम स्वतः सांगतायत म्हणून ऐकले, असे ते नंतर म्हणाले.

प्रकल्पाबाबत मात्र खरोखर विचार करावा लागला. आहे तसा आलेख घेऊन स्पर्धेत जाणे हा पर्याय आम्ही लगेच बाजूला ठेवला. “प्रथिने” हा शब्द काढून “हुलग्याचा अर्क” एवढेच म्हणायचे आणि सूक्ष्मदर्शकाखालची काही छायाचित्रे जोडून सादर करायचे, हा दुसरा पर्याय. तो प्रामाणिक होता, वेळेत बसणारा होता, आणि मी स्वतः त्याकडे झुकले होते. तिने तो नाकारला. ती म्हणाली, “मॅडम, अर्काने काहीतरी होतं एवढंच म्हणायचं तर ते माझ्या आजीला माहीतच होतं. कशानं होतं ते आपण म्हणत होतो ना?” या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मोठ्या संशोधन संस्थेकडे नमुने पाठवून अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेण्याचा विचारही झाला, पण कोणत्या घटकाचा नमुना पाठवायचा हेच ठरलेले नव्हते, त्यामुळे तो विचार अवेळी होता. उरला शेवटचा मार्ग : स्पर्धा सोडायची, अर्काचे भाग वेगळे करायचे आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासायचा. तो आम्ही घेतला.

काय केले

सर्वप्रथम मोजण्याचे साधन बदलले. गढूळपणाचा आलेख दुय्यम ठरवला, द्रावण सतत ढवळत ठेवले, आणि मुख्य नोंद सूक्ष्मदर्शकाखालची केली : ठरावीक क्षेत्रात स्फटिक किती, केवढे, कोणत्या रूपाचे. कॅल्शियम ऑक्झलेटची दोन रूपे येथे महत्त्वाची आहेत. मोनोहायड्रेटचे स्फटिक लंबगोल किंवा डमरूसारखे दिसतात आणि ते मूत्रपिंडाच्या पेशींना अधिक चिकटतात. डायहायड्रेटचे स्फटिक दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखे असतात, वरून पाहिले की बंद लिफाफ्यासारखे दिसतात, आणि ते तुलनेने सहज वाहून जातात. रूप ओळखण्यात डोळ्याची चूक होऊ नये म्हणून निवडक नमुन्यांची पावडर एक्स-रे तपासणी कोल्हापूरला करून घेतली.

त्यानंतर अर्क उकळून, गाळून वापरला, कारण प्रथिन उकळल्यावर बिघडते असे आपण शिकतो आणि ही चाचणी फुकटात होते. उकळलेल्या अर्काचाही परिणाम बऱ्याच प्रमाणात टिकला. ती खचली, “म्हणजे प्रथिन नव्हेच” असे तिने लिहून टाकले, आणि मीही त्याखाली सही करणार होते. सही करण्याआधी हुलग्यातील प्रथिनांविषयी पुन्हा वाचावे असे वाटले, हे भाग्य. हुलग्यात बाउमन-बर्क कुळातील एक छोटे, ट्रिप्सिन रोखणारे प्रथिन असते, ज्याची साखळी सात डायसल्फाइड बंधांनी घट्ट बांधलेली असते, आणि ते उकळत्या पाण्यातही सहज मोडत नाही. (याच बीतील दुसरे एक प्रथिन, एक लेक्टिन, रक्तपेढ्यांत ए-१ रक्तगट ओळखायला वापरतात. आपल्या माडग्यात काय काय असते याची कल्पना आपल्याला नसते.) उकळणे हा प्रथिन असण्या-नसण्याचा निर्णायक पुरावा नव्हता. ते वाक्य खोडले.

मग डायलिसिस. सुमारे १२,००० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) लहान रेणू बाहेर जाऊ देणारी सेलोफेनची पिशवी घेतली, तिच्यात अर्क भरला आणि फ्रीजमध्ये शुद्ध पाण्यात ठेवला. प्रथिने आत राहतील, आणि सायट्रेट, मॅग्नेशियम, फायटेट हे लहान घटक बाहेर येतील. फायटेट म्हणजे डाळी-कडधान्यांच्या बियांत फॉस्फरस साठवणारा, सहा फॉस्फेट गट असलेला रेणू. कॅल्शियमच्या क्षारांची वाढ तो अगदी थोड्या प्रमाणातही रोखतो, म्हणून आमचा पहिला संशय त्याच्यावर होता.

इथे चूक माझी झाली. मी लिहून दिलेल्या कृतीत “बाहेरचे पाणी चार वेळा बदलावे” एवढेच होते, आणि प्रयोगशाळेतील रिवाजाप्रमाणे ते चारही वेळा बेसिनमध्ये ओतले गेले. पिशवीतला भाग तपासल्यावर स्फटिकांचे रूप बदलणारा परिणाम जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. तो गेला कुठे, हे विचारायला आमच्याकडे पाणीच उरले नव्हते. कदाचित लहान रेणूंबरोबर बाहेर गेला असेल, कदाचित प्रथिन पिशवीत पडून बिघडले असेल. दोन्ही शक्यता सारख्याच उभ्या होत्या. तीन आठवडे गेले. दुसऱ्या वेळी पहिली दोन पाणी राखून ठेवली, कोमट पाण्याच्या उष्णतेवर आटवून मूळ अर्काच्या आकारमानावर आणली, आणि तेवढेच साधे शुद्ध पाणी त्याच पद्धतीने आटवून तुलनेसाठी ठेवले, म्हणजे भांड्यातून काही उतरले असेल तर तेही कळावे.

शेवटचा तुलनात्मक नमुना तिने सुचवला. पिशवीतल्या भागात ब्रॅडफर्ड या प्रथिन मोजण्याच्या दुसऱ्या पद्धतीने जेवढे प्रथिन निघाले तेवढ्याच वजनाचे अंड्याच्या पांढऱ्यातील ओव्हाल्ब्युमिन घेऊन तोच प्रयोग करायचा. हुलग्याच्या प्रथिनात काही खास आहे, की कोणतेही प्रथिन हेच करते? हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

काय निष्पन्न झाले

बाहेरच्या पाण्याने स्फटिक उशिरा दिसू लागले आणि जे दिसले त्यांत लिफाफ्यासारखे, म्हणजे डायहायड्रेटचे, प्रमाण ठळकपणे वाढले. एक्स-रे तपासणीने त्याला दुजोरा दिला. आटवलेल्या साध्या पाण्याने असे काही झाले नाही. मूळ अर्कात तिला जो परिणाम मोहवत होता त्याचा मोठा भाग लहान रेणूंचा होता. नमुना जाळून केलेल्या फॉस्फरसच्या चाचणीत बराच फॉस्फरस बाहेरच्या पाण्यात सापडला, जो फायटेटशी सुसंगत आहे, मात्र फायटेटच कारण आहे असे आम्ही लिहिले नाही, कारण सायट्रेट आणि मॅग्नेशियम वेगळे केलेले नव्हते. थोडा फॉस्फरस पिशवीतही राहिला होता. फायटेट प्रथिनाला चिकटून बसते, तेव्हा पिशवीतला भाग पूर्णपणे “फक्त प्रथिन” होता असाही दावा करता येत नाही.

पिशवीतला भाग निष्क्रिय नव्हता, आणि हाच मला या प्रकल्पातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्याने रूप बदलले नाही, मोनोहायड्रेट मोनोहायड्रेटच राहिले. पण स्फटिकांची संख्या वाढली, प्रत्येकाचा आकार लहान झाला, आणि टोकदार कडा गोलसर झाल्या. संख्या वाढणे याचा अर्थ जन्म सोपा झाला. आकार घटणे आणि कडा गोल होणे याचा अर्थ पायऱ्या कुठेतरी अडत होत्या. एकच मिश्रण एका टप्प्यावर मदत करत होते आणि दुसऱ्या टप्प्यावर अडथळा. ओव्हाल्ब्युमिनने संख्या काहीशी वाढवली, पण कडा तितक्या गोल केल्या नाहीत. म्हणजे जन्माला मदत हा परिणाम काही अंशी कोणत्याही प्रथिनाचा असावा, कडा गोल करणे मात्र हुलग्याच्या भागात अधिक होते. तिचे मूळ वाक्य, “प्रथिने वाढ थांबवतात”, या निरीक्षणांपुढे टिकले नाही, आणि त्याच्या जागी जे आले ते अधिक खरे होते.

मार्चमध्ये तिने विभागीय परिसंवादात हे सादर केले. शीर्षक होते, “हुलग्याच्या अर्कातील लहान व मोठ्या रेणूंचा कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांवर होणारा वेगवेगळा परिणाम”. शेवटच्या स्लाइडवर तिने स्वतःहून एक परिच्छेद घातला : खाल्लेले प्रथिन जठरात आणि आतड्यात पचते, ते जसेच्या तसे मूत्रपिंडापर्यंत पोहोचत नाही. लघवीत स्फटिकांशी झुंजणारी प्रथिने मूत्रपिंड स्वतः बनवते. म्हणून परीक्षानळीतल्या या निरीक्षणावरून हुलग्याचे पाणी पिण्याबद्दल काहीही ठरवू नये. सभागृहात तिचे आई-वडील आणि मामा बसले होते. मामांचा खडा ठरलेल्या तारखेला दुर्बिणीतून निघाला होता. तपासणी अहवालात मोनोहायड्रेटबरोबर यूरिक आम्लही होते, आणि ते आमच्या एकाही नळीत नव्हते.

स्पर्धा हुकल्याचे तिला दुःख झाले. ते तिने लपवले नाही, आणि मलाही ते हलके करून सांगायचे नाही.

पुन्हा करायचे झाल्यास

सूक्ष्मदर्शक पहिल्या दिवसापासून वापरेन. गढूळपणाचा आलेख देखणा असतो, आकडे आपोआप मिळतात, आणि म्हणूनच आम्ही दोन महिने त्याच्यावर विसंबलो. आठवड्यातून एकदा जरी एक थेंब काचपट्टीवर ठेवला असता तरी गुच्छ दिसले असते.

लेखी कृतीत आता मी प्रत्येक टप्प्यापुढे “काय राखायचे” असा स्वतंत्र रकाना ठेवते. वेगळे करण्याच्या कोणत्याही प्रयोगात दोन भाग निघतात आणि आपण ज्याच्या शोधात असतो त्याकडेच लक्ष जाते, दुसरा बेसिनमध्ये जातो.

स्पर्धेत अजिबात न जाण्याचा निर्णय योग्य होता का, याबद्दल माझे मन अजून पूर्ण ठरलेले नाही. डिसेंबरपर्यंत गुच्छांचे निरीक्षण आणि लॉरी पद्धतीतील दोष एवढे हाती होते. “गढूळपणाच्या मापनातील फसगत” या विषयावर ती मानाने उभी राहू शकली असती. मी त्या वेळी सगळे किंवा काहीच नाही असा विचार केला, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी तिने मोजली. घरी काय सांगावे आणि काय सांगू नये याबद्दलही प्रकल्पाच्या सुरुवातीलाच बोलायला हवे होते. ज्या विषयाचा धागा थेट कुणाच्या दुखण्याशी जुळतो, तिथे हे बोलणे सुरक्षा-चष्मा देण्याइतकेच सुरुवातीला यायला हवे.

राहिलेले काम असे. पिशवीतल्या भागातील परिणाम खरोखर प्रथिनाचा आहे का, हे पाहण्यासाठी ते प्रथिन विकराने (एन्झाइमने) तोडून पुन्हा चाचणी घ्यावी लागेल. विकर म्हणून सवयीने ट्रिप्सिन निवडले तर पुन्हा फसू, कारण हुलग्यातले ते चिवट प्रथिन ट्रिप्सिनलाच रोखते. जठरातल्यासारख्या आम्लात काम करणारे पेप्सिन घ्यावे, सोबत केवळ पेप्सिन घातलेला नमुना ठेवावा, कारण पेप्सिन हेही प्रथिनच आहे आणि तेही स्फटिकावर बसणार. पिशवीतल्या भागाच्या सहा कुप्या तिने तारीख आणि प्रथिनाचे प्रमाण लिहून डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या आहेत, शेजारी बाहेरच्या पाण्याच्या तेवढ्याच. यंदाच्या जूनमध्ये जतचा एक विद्यार्थी त्या उघडणार आहे.